टिपण सॉफ्टवेअरची निवड

टिपण सॉफ्टवेअर म्हणजे वाचन, अभ्यास, चिंतन किंवा बैठकीतील चर्चा यांच्या नोंदी संगणकावर अथवा मोबाइलवर लिहिण्याची, शोधण्याची आणि परस्परांशी जोडण्याची सोय करणारी प्रणाली होय. एका टिपणातून दुसऱ्या टिपणाकडे दुवा देता येणे आणि त्या दुसऱ्या टिपणावर आपल्याकडे कोठून कोठून दुवे आले आहेत हे आपोआप दिसणे, हे या प्रणालींच्या अलीकडच्या पिढीचे वैशिष्ट्य आहे. अशा रीतीने गुंफलेल्या टिपणांना प्रस्तुत लेखात ‘जोडटिपणे’ म्हटले आहे. ऑब्सिडियन, लॉगसेक, रोम रिसर्च, नोशन, वननोट, जॉप्लिन ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत.

कागदी वही बदलली तर जुनी वही कपाटात सुरक्षित राहते. सॉफ्टवेअरचे तसे नसते. दहा वर्षांची टिपणे ज्या प्रणालीत आहेत ती बंद पडली, महाग झाली किंवा तिने आपले धोरण बदलले, तर टिपणांची वाट अडते. विद्यार्थ्याच्या बाबतीत अभ्यासाचे श्रम वाया जातात, तर संस्थेच्या बाबतीत कोणता निर्णय कधी व का झाला याची स्मृतीच नाहीशी होते. म्हणून ही निवड केवळ आवडीनिवडीचा प्रश्न ठरत नाही.

पार्श्वभूमी

सुट्या चिठ्ठ्यांवर नोंदी करून त्या हव्या तशा लावण्याची रीत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. स्विस विद्वान कॉनराड गेसनर याने सोळाव्या शतकातच नोंदींचे कागद कापून, ते तुकडे विषयवार लावण्याची पद्धत वर्णिली होती. भारतातील या पद्धतीचे सर्वांत भव्य उदाहरण पुण्यात पाहावयास मिळते. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातील स्थळ असा मजकूर चिठ्ठीवर असतो. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट आणि प्रत्येक चिठ्ठीवर तिचे मूळ स्थळ, हे दोन नियम आजच्या जोडटिपणांनाही तंतोतंत लागू पडतात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान (१९२७–१९९८) याच्या चिठ्ठ्यांच्या पेटीची चर्चा अलीकडे फार होते. त्याने सुमारे चार दशकांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांच्या आधारे पन्नासाहून अधिक पुस्तके सिद्ध केली. विषयवार कप्पे करण्याऐवजी तो प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक देई. एका चिठ्ठीचा विचार पुढे फुटला, तर तिच्या क्रमांकाला अक्षर जोडून नवी चिठ्ठी तिच्याच मागे ठेवी, आणि दूरच्या चिठ्ठीचा संबंध असेल तर तिचा क्रमांक मजकुरात लिहून टाकी. हा क्रमांक म्हणजेच कागदावरचा दुवा. मात्र कागदावर दुवा एकाच दिशेने चालतो. ज्या चिठ्ठीचा उल्लेख झाला, तिला त्याची वार्ता नसते. तिच्यावर उलट क्रमांक हाताने लिहावा लागतो.

संगणकीय बाजूने पाहता अमेरिकन अभियंता व्हॅनिव्हर बुश याने जुलै १९४५ च्या ‘द अटलांटिक’ मासिकातील लेखात ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. सूक्ष्मफितींवरील कागदपत्रे एका मेजावर पाहता यावीत आणि वाचकाने त्यांमध्ये आपल्या विचाराच्या वाटा पाडाव्यात, अशी ती कल्पना होती. टेड नेल्सन याने १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा रूढ केली. डग्लस एंगेलबार्ट याने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेल्या प्रात्यक्षिकात परस्पर जोडलेला मजकूर दाखवला. शिवाय दूरच्या मेन्लो पार्क येथील सहकाऱ्यांना पडद्यावर आणून त्यांच्यासह त्याच मजकुरावर काम करून दाखवले. जोडटिपणे आणि कामकाजाची बैठक ही जोडी आजची नाही, ती जन्मापासूनच एकत्र आहे.

वॉर्ड कनिंगहॅम याने २५ मार्च १९९५ रोजी सुरू केलेल्या पहिल्या विकीने दुवा देणे सामान्य वापरकर्त्याच्या हाती आणले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या प्रत्येक पानाच्या साधनपेटीतील ‘येथे काय जोडले आहे’ हा दुवा म्हणजे पुढे वर्णिलेल्या उलटदुव्याचाच नमुना आहे. ज्या वाचकाने तो कधी उघडून पाहिला असेल, त्याला जोडटिपणांचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुवा आणि उलटदुवा

बहुतेक प्रणालींत दुहेरी चौकटी कंसांत दुसऱ्या टिपणाचे नाव लिहिले की दुवा तयार होतो. त्या नावाचे टिपण नसेल, तर दुव्यावर टिचकी मारताच कोरे टिपण उघडते. दुवा दिला गेला की लक्ष्य टिपणाच्या तळाशी किंवा बाजूस मूळ टिपणाचे नाव व संबंधित ओळ दिसू लागते. हाच उलटदुवा होय. लुहमानला जे हाताने करावे लागे ते येथे आपोआप घडते.

समजा, इतिहासाचा एखादा विद्यार्थी सत्यशोधक समाज, न्यायमूर्ती रानडे आणि दख्खनचे १८७५ चे दंगे यांवर स्वतंत्र टिपणे लिहीत आहे. तिन्हींत कोठे ना कोठे [[सावकारी]] असा दुवा त्याने दिला, तर ‘सावकारी’ हे टिपण उघडताच तिन्ही ठिकाणची वाक्ये एकत्र दिसतील. त्याने ‘सावकारी’ या विषयावर एक ओळही लिहिलेली नसली तरी त्या पानावर अभ्यासाची सामग्री जमलेली असते. फोल्डरांच्या पद्धतीत हे घडत नाही, कारण तेथे एक टिपण एकाच कप्प्यात ठेवावे लागते आणि कोणत्या कप्प्यात ठेवले हे नंतर आठवावे लागते.

काही प्रणालींत दुवा संपूर्ण टिपणाला न देता एका परिच्छेदाला किंवा ओळीलाही देता येतो. रोम रिसर्च व लॉगसेक यांची उभारणीच ओळीवर झालेली आहे. तेथील प्रत्येक ओळ हा स्वतंत्र मुद्दा असतो व त्याखाली उपमुद्दे येतात. सलग गद्य लिहिणाऱ्यास ही रचना जाचते, तर मुद्द्यांच्या भाषेत विचार करणाऱ्यास ती फार सोयीची वाटते. हा फरक वरवरचा नसल्यामुळे निवड करण्यापूर्वी दोन्ही प्रकारांत प्रत्येकी एक खरेखुरे टिपण लिहून पाहणे इष्ट.

टिपणे बिंदूंच्या रूपाने व दुवे रेषांच्या रूपाने दाखवणारे जाळ्याचे चित्र हे या प्रणालींच्या जाहिरातीतील ठळक आकर्षण असते. प्रत्यक्षात पन्नास-साठ टिपणांनंतर ते गजबजून जाते आणि त्यातून क्वचितच काही समजते. त्यावरून निवड करू नये.

बैठकीच्या नोंदी

अभ्यासाचे टिपण एकट्यासाठी असते आणि त्याला मुदत नसते. बैठकीच्या नोंदीचे प्रयोजन वेगळे आहे. काय ठरले, ते कोण करणार आणि केव्हापर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यात हवीत. चर्चेतील प्रत्येक वाक्य टिपण्याच्या नादात हीच तीन उत्तरे निसटतात, असा अनेक समित्यांचा अनुभव आहे.

जोडटिपणांचा लाभ येथे कसा होतो हे एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समितीची बैठक दरमहा होते. जूनमध्ये गच्चीवरील पाण्याच्या टाकीला तडा गेल्याची तक्रार येते, जुलैत तीन कंत्राटदारांची दरपत्रके मागवण्याचे ठरते, ऑगस्टमध्ये विषय पुढे ढकलला जातो, सप्टेंबरात चिटणीस बदलतात. कागदी इतिवृत्तात ही हकीकत चार निरनिराळ्या पानांवर, दहा-बारा इतर विषयांमध्ये विखुरलेली राहते. प्रत्येक बैठकीच्या टिपणात [[टाकी दुरुस्ती]] असा दुवा दिलेला असेल, तर नव्या चिटणिसांनी ते एक पान उघडले की चारही महिन्यांतील ओळी तारखांसह समोर येतात. दरपत्रके मागवण्याचे काम कोणाकडे होते हेही त्यातच दिसते. ज्या संस्थांत पदाधिकारी वारंवार बदलतात, तेथे हा उपयोग सर्वांत मोलाचा आहे.

त्यासाठी तीन प्रकारची पाने पुरेशी होतात: प्रत्येक बैठकीचे एक, प्रत्येक चालू विषयाचे एक आणि प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे एक. बैठकीचे पान तारखेने सुरू होणाऱ्या नावाने ठेवावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. उपस्थिती, विषयपत्रिका, निर्णय व कामे यांचा साचा एकदाच करून ठेवता येतो. साचे वापरण्याची सोय बहुतेक प्रणालींत अंगभूत किंवा जोडणीच्या रूपाने मिळते. वननोटमध्ये आउटलुक दिनदर्शिकेतील बैठकीची तारीख, विषय व निमंत्रितांची नावे थेट टिपणात आणता येतात. जेथे कार्यालयाचे सारे काम मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींवर चालते तेथे ही सोय पुष्कळ वेळ वाचवते.

व्यक्तीच्या पानाविषयी मात्र सावधगिरी हवी. एखाद्या सहकाऱ्याच्या नावाचे पान वर्षभरात त्याच्याविषयीच्या सर्व उल्लेखांचे दप्तरच बनते. चर्चेच्या ओघात कोणी केलेली शेरेबाजी, आजारपणाचा उल्लेख किंवा पगाराचा आकडा बैठकीच्या टिपणात सुटा असताना निरुपद्रवी वाटतो. उलटदुव्यांमुळे तो एका ठिकाणी साठतो आणि सामायिक खात्यात असेल तर सर्वांना दिसतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाल्यापासून संस्थांनी याचा विचार करणे अधिकच आवश्यक ठरले आहे. व्यक्तीच्या पानावर तिच्याकडील कामांखेरीज काहीही जाऊ न देणे हा सर्वांत सोपा नियम होय.

बैठकीचे ध्वनिमुद्रण करून त्याचे आपोआप लेखन करणाऱ्या सेवाही आता प्रचलित आहेत. अशा सेवांत मुद्रण कोणत्या सर्व्हरवर जाते व किती काळ राहते हे तपासावे आणि मुद्रणापूर्वी सर्व उपस्थितांची संमती घ्यावी. सप्टेंबर २०२२ मध्ये खुली झालेली ‘व्हिस्पर’ ही उक्तलेखन प्रणाली मराठीसह अनेक भाषांत चालते आणि स्वतःच्या संगणकावरही बसवता येते, त्यामुळे मुद्रण बाहेर पाठवण्याची गरज उरत नाही. तथापि, आपल्याकडील बैठकांत मराठी, हिंदी व इंग्रजी एकाच वाक्यात मिसळलेल्या असतात. अशा बोलण्यात नेमकी नावे व आकडे चुकण्याची शक्यता मोठी असते आणि बैठकीच्या नोंदीत महत्त्व असते ते त्यांनाच.

टिपण आणि अधिकृत इतिवृत्त यांची गल्लत होऊ देता कामा नये. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११८ नुसार कंपनीच्या सर्वसाधारण सभांचे व संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त सभा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत, पृष्ठांना अनुक्रमांक असलेल्या पुस्तकात नोंदवावे लागते. सहकारी संस्थांनाही अध्यक्षांच्या सहीचे इतिवृत्त ठेवावे लागते. जोडटिपणांतील मजकूर कोणालाही केव्हाही बदलता येतो, म्हणून तो त्या इतिवृत्ताची जागा घेऊ शकत नाही. इतिवृत्त लिहिण्यासाठी आणि मागील ठराव शोधण्यासाठी त्याचा उपयोग करावा.

प्रचलित प्रणाली

प्रणालींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटात टिपणे वापरकर्त्याच्या स्वतःच्या यंत्रावर साध्या फाइलींच्या रूपाने राहतात, तर दुसऱ्या गटात ती कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि वापरकर्ता ती इंटरनेटवरून उघडतो.

पहिल्या गटातील ऑब्सिडियन २०२० मध्ये आले. टिपणे मार्कडाउन या साध्या मजकूर-पद्धतीच्या फाइलींत राहतात. वैयक्तिक वापर विनामूल्य असून, फेब्रुवारी २०२५ पासून कार्यालयीन वापरासाठीही परवाना विकत घेण्याची सक्ती उरलेली नाही. अनेक यंत्रांवर टिपणे एकसारखी ठेवण्याची कंपनीची सेवा सशुल्क आहे. सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी मुक्त-स्रोत नाही, हा भेद लक्षात ठेवावा. लॉगसेक मुक्त-स्रोत आहे. तेही मुळात साध्या फाइलींवर आधारलेले होते, मात्र पुढे माहितीसाठ्यावर आधारित नवी आवृत्ती घडवण्याचे काम हाती घेण्यात आले. जॉप्लिन मुक्त-स्रोत असून समक्रमणासाठी टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन देते. त्यात टिपणांना दुवे देता येतात, परंतु उलटदुव्यांसाठी वेगळे प्लगइन बसवावे लागते. जेरेमी रस्टन याने २००४ मध्ये सादर केलेले टिडलीविकी ही यांतील सर्वांत नवलाची रचना: संपूर्ण टिपणवही एकाच एचटीएमएल फाइलीत मावते व ब्राउझरमध्ये उघडते. संगणकाशी घट्ट परिचय असलेल्यांत ईमॅक्सवरील ऑर्ग-मोड (२००३) प्रिय आहे. इतरांनी त्याच्या वाटेस न गेलेले बरे.

दुसऱ्या गटातील रोम रिसर्चने २०२० च्या सुमारास उलटदुव्यांची कल्पना लोकप्रिय केली. ते सशुल्क व तुलनेने महाग आहे. नोशनमध्ये टिपणांच्या जोडीला तक्ते, कामांच्या याद्या व माहितीसाठे करता येतात आणि अनेक जण एकाच वेळी एकाच पानावर लिहू शकतात. त्यामुळे कार्यालयांत ते विशेष रुजले. इंटरनेटविना काम करण्याची सोय त्यात फार उशिरा, २०२५ मध्ये आली. खेड्यापाड्यांतील किंवा प्रवासातील वापरकर्त्याने या बाबीकडे काणाडोळा करू नये. वननोट २००३ पासून आहे. त्याच्या संगणकावरील आवृत्तीत चौकटी कंसांनी दुवा देता येतो, उलटदुवे मात्र दिसत नाहीत. ॲपलच्या नोट्समध्ये टिपणाला टिपण जोडण्याची सोय २०२३ मध्ये आली. चेन्नईच्या झोहो कंपनीचे नोटबुक हा सुटसुटीत टिपणांसाठी एक भारतीय पर्याय आहे.

बैठकीत तिघा-चौघांनी एकाच पानावर एकाच वेळी लिहावे अशी गरज असेल, तर पहिल्या गटातील प्रणाली सहसा कमी पडतात. त्या ठिकाणी नोशन, वननोट किंवा ईथरपॅड व हेजडॉक यांसारखी मुक्त-स्रोत सामायिक पाने वापरून, बैठकीनंतर अंतिम मजकूर आपल्या टिपणसंग्रहात आणणे हा व्यवहार्य मार्ग आहे. एकाच प्रणालीने अभ्यास व बैठक या दोन्ही गरजा भागल्याच पाहिजेत, हा हट्ट बऱ्याचदा निवड बिघडवतो.

टिपणांची मालकी व आयुष्य

गूगल नोटबुक ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोट ही २००८ पासूनची अत्यंत लोकप्रिय सेवा इटलीतील बेंडिंग स्पून्स या कंपनीने विकत घेतली आणि २०२३ च्या डिसेंबरात विनामूल्य खात्यावर पन्नास टिपणांची मर्यादा घातली. दोन्ही प्रसंगी टिपणे बाहेर काढण्याचा मार्ग ठेवलेला होता. तरी हजारो टिपणे, त्यांतील चित्रे व जोडण्या नव्या घरी हलवताना रचना मोडते, हे स्थलांतर करणाऱ्यास टाळता येत नाही. जोडटिपणांत तर मजकुराइतकेच दुवेही मोलाचे असतात आणि स्थलांतरात प्रथम तुटतात ते तेच.

मार्कडाउन ही पद्धत जॉन ग्रुबर याने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत ठळक शब्द, मथळे व याद्या साध्या चिन्हांनी दर्शवतात, त्यामुळे सॉफ्टवेअर नाहीसे झाले तरी फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येते. मराठी वाचकाला या मुद्द्याचे महत्त्व पटवण्यासाठी परदेशी दाखले लागत नाहीत. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत लिहिलेला अफाट मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून उमटतो, आणि कितीतरी शाळांचे, मासिकांचे व कार्यालयांचे जुने काम आजही त्या स्वरूपात अडकून आहे. अक्षरे शाबूत आहेत, फाइलही शाबूत आहे, पण शोधले तर काही सापडत नाही.

म्हणून कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. दोन आठवडे वीस-पंचवीस खरी टिपणे लिहावीत, त्यांत दुवे, एखादे चित्र व एखादा तक्ता असावा. मग सर्व टिपणे निर्यात करून ती साध्या मजकूर-संपादकात व दुसऱ्या एखाद्या प्रणालीत उघडून पाहावीत. दुव्यांची नावे वाचता येतात का, चित्रे सोबत आली का, तक्त्याचे काय झाले, हे अर्ध्या तासात कळते. ही चाचणी वीस टिपणांवर करावी. दोन हजार टिपणांनंतर तिचा उपयोग उरत नाही.

फाइली स्वतःकडे असल्या म्हणजे त्यांची राखण करण्याची जबाबदारीही आपलीच होते. संगणक बिघडला, मोबाइल हरवला आणि दुसरी प्रत नसली, तर मुक्त-स्रोत प्रणालीही काही करू शकत नाही. समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका यंत्रावर चुकून पुसलेले टिपण समक्रमणामुळे दुसऱ्या यंत्रावरूनही पुसले जाते.

मराठीतून जोडटिपणे लिहिताना

या प्रणाली प्रामुख्याने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या आहेत आणि त्यामुळे मराठीत काही अडचणी येतात. त्यांतील पहिली व्याकरणाची आहे. इंग्रजीत नामाचे रूप वाक्यात सहसा बदलत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी सामान्यरूप होते: पुणे–पुण्यात, रस्ता–रस्त्यावर, शाळा–शाळेचा, पाणी–पाण्यासाठी. टिपणाचे नाव ‘पुणे’ असेल आणि वाक्यात ‘पुण्यात’ लिहायचे असेल, तर उभ्या रेषेचा वापर करून [[पुणे|पुण्यात]] असे लिहावे. पहिला भाग लक्ष्य दाखवतो, दुसरा वाक्यात दिसतो. विकिपीडियावर हीच रीत आहे व ऑब्सिडियनमध्येही ती चालते. दुवा न देता केलेले उल्लेख शोधून दाखवण्याची सोय मराठीत म्हणूनच अर्धवट चालते, कारण ‘पुण्यात’ या शब्दात ‘पुणे’ ही अक्षरे सलग येतच नाहीत. टिपणाला पर्यायी नावे देण्याची सोय असेल, तर ‘पुण्या’, ‘रस्त्या’ अशी सामान्यरूपे तेथे नोंदवून ठेवल्यास दुवा देताना नाव सुचण्यास मदत होते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक फसवी आहे. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांची’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकात खाली टिंब असलेला ऱ व हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द आहेत. कार्यालयातील एकाने एका कळफलकावर व दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर ‘कर्मचाऱ्यांची रजा’ असे टिपण केले, तर एकाच नावाची दोन टिपणे तयार होतात आणि शोधात एक सापडते, दुसरे सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच गत आहे. त्यासाठी स्वतंत्र संकेतांक आहे, पण जुने कळफलक अ व अर्धचंद्र जोडून ते उमटवतात. सामायिक संग्रहात सर्वांनी एकच कळफलक वापरणे, आणि शक्य तेथे टिपणाच्या नावात प्रत्ययरहित मूळ शब्द ठेवणे, हे दोन उपाय पुरेसे ठरतात: ‘कर्मचारी रजा’ या नावात हा प्रश्न उद्भवतच नाही.

फाइलीच्या नावाची लांबी हाही एक लहानसा सापळा आहे. लिनक्सवरील प्रचलित फाइल-व्यवस्थांत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास युटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. परिणामी सुमारे ८५ चिन्हांतच नाव संपते. ‘दिनांक अमुक रोजी झालेल्या व्यवस्थापक समितीच्या मासिक बैठकीत मंजूर झालेले ठराव’ अशी ऐसपैस नावे देण्याची सरकारी सवय येथे नडते. आकड्यांबाबतही एकच धोरण हवे. प्रणाली दैनंदिन टिपणांची नावे सहसा इंग्रजी अंकांत तयार करते, म्हणून मजकुरात देवनागरी अंक लिहिले तरी फाइलींच्या नावांतील तारखा इंग्रजी अंकांतच ठेवणे सोयीचे. दोन्हींची सरमिसळ झाली की यादीचा कालक्रम मोडतो.

टिपणे पीडीएफ करून ठेवण्याचा मोह मराठीत तरी टाळावा. अनेकदा त्यातून मजकूर परत उचलताना जोडाक्षरे विस्कटतात आणि वेलांट्या जागा सोडतात.

आक्षेप

टिपण सॉफ्टवेअरला ‘दुसरा मेंदू’ म्हणण्याची टूम गेल्या काही वर्षांत पसरली आहे. टीकाकारांच्या मते तिच्यामुळे साठवणे आणि समजणे यांतील भेद पुसट होतो. आंतरजालावरील उतारे सहज चिकटवता येत असल्याने संग्रह झपाट्याने फुगतो, पण त्यातील फारच थोडे पुन्हा वाचले जाते. लुहमान आपल्या चिठ्ठ्यांवर वाचलेले जसेच्या तसे उतरवत नसे. तो ते स्वतःच्या शब्दांत लिही आणि नवी चिठ्ठी कोठे बसते याचा विचार करणे त्याला भाग पडे. दुवा देण्याचे श्रम हेच त्याच्या पद्धतीचे बळ होते.

टंकलेखनाविषयी २०१४ मध्ये पॅम म्युलर व डॅनियल ओपनहायमर यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास बराच गाजला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांवरील प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर २०१९ मध्ये झालेल्या पुनरावृत्तीच्या प्रयोगांत हा फरक तितका स्पष्ट आढळला नाही. वर्गात किंवा बैठकीत वहीवर मोजके टिपून, त्याच दिवशी संध्याकाळी ते स्वतःच्या शब्दांत संगणकावर उतरवणे व त्या वेळी दुवे देणे, ही मधली रीत पुष्कळांना मानवते. तीत वेळ अधिक जातो. मात्र कोणता मुद्दा ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे त्याच वेळी ठरते, आणि बैठकीत ‘पाहू’ म्हणून सोडलेली कामे कोणाच्या नावावर लागलीच नाहीत हेही तेव्हाच लक्षात येते.